शंका क्रमांक चौदा

रात्री अकराला थ्री-फेज येते,
बांध्यांवरचे पंप सुरू होतात
आणि माझा बल्ब पिवळा पडतो.
लॅपटॉपवर तेव्हा
कुणाच्या तरी यकृतातल्या पेशी उघडलेल्या असतात.

अकरा वर्षं हेच.
पेशींची, परागांची, उंदरांच्या शेपट्यांची वाक्यं सरळ करते.
'पहिल्यांदाच' आलं की खोडते,
'सिद्ध होते' काढून 'असे दिसते' लिहिते.
प्रजातीचं नाव तिरपं करते,
नाव ठेवणाऱ्याचं सरळच ठेवते.

हैदराबादला माझीही पीएचडी होती, तिसऱ्या वर्षापर्यंत.
एका सुट्टीत हवेचा पंप बंद पडला
आणि टाकीतले सगळे मासे वर आले.
गाइड काहीच बोलले नाहीत.
ते न बोललेलं वाक्य
मला अजून एडिट करता आलेलं नाही.

पारबता वलथरे सकाळी ओट्यावर टोपलं उतरवते.
'का करतेस वो रातभर?'
दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते.
'मंग मास्तरीनच.'
मास्तरीण मार्क देते, मी नाही देत.
'बिनमार्काची मास्तरीन,' म्हणाली,
आणि पाव किलोवर मूठभर जास्त टाकली.

दिवाळीनंतर एक लेख आला,
आमच्याच लाखांदुराकडच्या तलावांवरचा.
दोन नव्या प्रजाती.
एक काळसर, शेपटीच्या मुळाशी तांबडा ठिपका; सप्टेंबरात पकडलेली.
दुसरी फिकट, बिनठिपक्याची; एप्रिलमधली.
खाली रकाना,
स्थानिक नाव: उपलब्ध नाही.

फोटो मोठा करून पारबतापुढे धरला.
पदराला हात पुसून तिनं बोट लावलं,
मासा स्क्रीनवरून खाली सरकला.
'पराली,' ती हसली.
'हे तं कुकवाली. बोडी भरली का कुकू लावते.
आन हे तिच, उनारातली. पानी आटलं का पुसते.
एकच मासोरी हाये वो. दोन कोन म्हनते?'
मी तिच्या कपाळाकडे पाहायचं टाळलं.

संपादकाला मत नसतं.
शंका असते, तीही क्रमांक घालून.
समासात लिहिलं:
१४. नमुने वेगवेगळ्या ऋतूंतले दिसतात.
रंगातला फरक ऋतूमुळे असू शकेल का?
स्थानिक मासेमारांना विचारलं होतं का?
पुढे पारबताचं नाव लिहिलं, मग खोडलं.
टोपल्यावरून बोललेलं वाक्य
संदर्भयादीत कसं बसवायचं
ते शैलीपुस्तिकेत नव्हतं.

उत्तर आलं: आपण कृपया भाषा पाहावी.
पाहिली.
मला पैसे शब्दांवर मिळतात.
त्या रात्री सगळ्या स्वल्पविरामांशी प्रामाणिक राहिले,
शंका मात्र काढली नाही.

पुढचं धान बांधीतून निघालं
तेव्हा लेख परत आला, निम्मा होऊन.
डीएनए एकच निघालं होतं.
शीर्षक बदललेलं,
'पहिल्यांदाच' पुन्हा आलेलं. खोडलं.
आभारात दोन अनामिक परीक्षक, वनखातं, जीपचा ड्रायव्हर.
म्हणजे जीप गेली होती कुठल्यातरी पाळीवर,
कुणीतरी उतरून कुणालातरी विचारलं होतं,
कारण रकान्यात आता होतं: कुकवाली.
रोमन अक्षरांत, एक के जास्त.
तो काढला.
मग बराच वेळ कर्सर तिथेच लुकलुकत राहिला.
जास्त म्हणजे कशापेक्षा?
हे नाव याआधी कुणी लिहिलेलं मला तरी माहीत नव्हतं.
के परत घातला. परत काढला.
वीज गेली.

सकाळी पारबताला सांगितलं,
तुझी मासोळी छापून येतेय.
'जित्ती का सुकलेली?'
बाटलीत ठेवलीय म्हटलं, नागपूरला, कॉलेजच्या कपाटात.
दारूत बुडवून.
'दारूत,' ती म्हणाली. 'मंग तं गेलीच.'
आणि काटा उचलला.
'बोल. किती देऊ?'